हॉलमधला वेढा

घरात कॅटापल्ट बांधायला बसलेल्या माणसाला ‘हे कशासाठी?’ असं विचारलं की तो हमखास मुलाचं नाव पुढे करतो. शाळेत प्रोजेक्ट आहे, सुट्टीत पोराच्या हाताला काही उद्योग हवा, यातून तरफ कळते, गुरुत्वाकर्षण कळतं, हल्लीची मुलं हातानं काही करतच नाहीत, वगैरे. हे बोलणं चालू असताना ते मूल आतल्या खोलीत पलंगावर उताणं पडून मोबाइल बघत असतं, आणि हॉलमध्ये चाळिशी ओलांडलेला एक गृहस्थ फरशीवर मांडी घालून, दातांत सुतळी धरून, दोन लाकडी पट्ट्या काटकोनात बसल्या की नाही ते एक डोळा मिटून पाहत असतो. दगड फेकायची यंत्रं माणूस गेली दोन हजार चारशे वर्षं बांधतो आहे आणि त्यासाठी त्यानं वेळोवेळी दिलेली कारणं साधारण याच प्रतीची आहेत. माझं म्हणणं इतकंच, की ती देऊ नयेत. कॅटापल्ट बांधतात ते उडवून बघायला. राजेरजवाड्यांचंही खरं कारण हेच होतं, आणि ते चारचौघांत सांगण्याइतपत सभ्य आहे.

पुराव्यादाखल १३०४ सालचा स्टर्लिंगचा वेढा घ्या. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड स्कॉटलंडमधल्या या किल्ल्यापुढे महिनोन्‌महिने ठाण मांडून बसला होता. दगडफेकी यंत्रांची त्याच्याकडे ददात नव्हती, पण मन भरत नव्हतं. म्हणून त्यानं आणखी एक, सगळ्यांत थोरलं, बांधायला घातलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘वॉरवुल्फ’. पाच मुख्य सुतार आणि पन्नासेक कामगार त्यावर राबत होते. यंत्रांच्या वजनासाठी शिसं कमी पडलं तेव्हा आसपासच्या चर्चांच्या छपरांवरचं शिसं उचकटून आणायचा हुकूम निघाला. फक्त वेदीच्या डोक्यावरचं तेवढं राहू द्यावं, एवढा धर्म त्यात पाळला होता. राणीला आणि तिच्या सख्यांना मजा नीट दिसावी म्हणून गावातल्या घराला खास खिडकी काढली. इतकी सगळी सिद्धता झाल्यावर किल्ल्यातल्या लोकांनी ऐन वेळी काय करावं? शरण यायची तयारी दाखवली. हिशेबी सेनापतीनं यावर देवाचे आभार मानले असते. एडवर्डनं शरणागतीच नाकारली. वॉरवुल्फचा मारा झाल्याखेरीज आपल्या माणसांनी आत पाऊल टाकायचं नाही आणि तोवर आतल्यांनी आपापला बचाव जमेल तसा करावा, असं त्यानं फर्मावलं. मग दगड उडाले, तटाची पडझड झाली, राणीनं खिडकीतून पाहिलं, आणि त्यानंतर शरणागती स्वीकारण्यात आली. युद्ध संपलेलं होतं, शत्रू हात जोडून उभा होता, यंत्र मात्र अजून चाललेलं नव्हतं. या तिन्हींपैकी राजाला कशाची काळजी होती ते उघड आहे.

आपल्याकडचा दाखला आणखी बोलका आहे, शिवाय आपल्याच खिशाला चाट लावणारा. १२९६ साली अलाउद्दीन खिलजीनं देवगिरीच्या रामदेवराय यादवाकडून अलोट सोनं नेलं, चुलत्याचा काटा काढला आणि दिल्लीचं तख्त घ्यायला तो निघाला. वाटेत मुक्कामाच्या ठिकाणी एक हलकी, सहज हलवता येईल अशी मंजनीक, म्हणजे दगडफेकी यंत्रच, मांडायची आणि तिच्यातून पाच मण सोन्याच्या चांदण्या बघ्यांच्या गर्दीवर उडवायच्या, असा परिपाठ त्यानं ठेवला होता, हे इतिहासकार झियाउद्दीन बरनीनं लिहून ठेवलं आहे. लोकांना वश करायचं तर सोनं मुठीमुठीनं वाटताही आलं असतं. मूठ स्वस्त असते, तिला सुतार लागत नाही, आणि कुणाच्या टाळक्यात चांदणी बसून इनामाबरोबर टेंगूळही घरी जात नाही. पण हाताशी मंजनीक असताना मुठीनं वाटणं कोणाला सुचेल? सोनं देवगिरीचं होतं, तेव्हा या विद्येला मराठी मुलखाचा हातभार निदान दारूगोळ्याच्या रूपानं तरी लागला, असं म्हणायला हरकत नाही.

यावर कोणी म्हणेल, ही राजांची थेरं झाली. यंत्राचा जन्म तर गरजेपोटीच झाला ना? झाला, मान्य. इ. स. पू. ३९९ मध्ये सिराक्यूसचा सत्ताधीश डायोनिसियस यानं कार्थेजशी लढायचं म्हणून देशोदेशींचे कारागीर भरघोस पगारावर गोळा केले आणि त्यांच्या हातून कॅटापल्ट जन्माला आलं, असं इतिहासकार डायोडोरस सांगतो. परंतु तोच इतिहासकार पुढे हेही सांगतो, की डायोनिसियस रोज त्या कारागिरांत जाऊन मिसळायचा, त्यांच्याशी गोड बोलायचा, बक्षिसं द्यायचा आणि त्यांतल्या उत्साही मंडळींना आपल्या पंगतीला जेवायला बोलवायचा. गरजेपोटी काम करून घेणारा मालक काम कुठवर आलं ते विचारतो. जेवायला बोलवत नाही. पुढे फिलॉन नावाच्या ग्रीक तंत्रज्ञानं तर साफच लिहिलं, की अलेक्झांड्रियाच्या कारागिरांना या यंत्रांत यश आलं ते त्यांना कीर्तीचे आणि कारागिरीचे शौकीन राजे लाभले म्हणून. आणि गरज पुरती सरल्यावर, तोफा येऊन कित्येक शतकं लोटल्यावर, काय झालं? १९९०च्या दशकात इंग्लंडमधल्या श्रॉपशर परगण्यात ह्यू केनेडी या गृहस्थांनी आपल्या जमिनीवर प्रचंड यंत्र उभारून पियानो फेकले, मेलेली डुकरं फेकली, जुन्या मोटारी फेकल्या. अमेरिकेत डेलावेअर राज्यात १९८६ पासून भोपळे फेकायच्या स्पर्धा सुरू झाल्या. पियानो फेकून कोणता किल्ला पडणार होता? गरज ही या यंत्राचं बारसं करून निघून गेलेली पाहुणी आहे. घरात कायमची राहिली ती हौस.

आता ‘यातून विज्ञान कळतं’ या कारणाचा समाचार जरा सविस्तर घ्यायला हवा, कारण ते सर्वांत लोकप्रिय आहे आणि त्याहून वाईट म्हणजे अर्धं खरं आहे. फेकलेली वस्तू परवलयाकार मार्गानं जाते हे गॅलिलिओनं १६३८ साली छापलं. पंचेचाळीस अंशांच्या कोनात सर्वांत लांबचा पल्ला मिळतो हे इटालियन गणिती टार्टाग्लियानं १५३७ मध्ये मांडलं, तेही तोफांच्या संदर्भात. म्हणजे डायोनिसियसपासून मोजलं तर जवळपास दोन हजार वर्षं माणसं परवलयाचा गंध नसताना तट पाडत होती आणि तटांना त्याबद्दल काही तक्रार नव्हती. उलट फेकता फेकताच गणित मागे लागलं. दगड किती वजनाचा असला म्हणजे पिळाच्या दोरखंडांची गुंडाळी किती जाड हवी, हा प्रश्न अलेक्झांड्रियाच्या मंडळींनी असंख्य चुकांतून सोडवला आणि फिलॉननं त्याचा नियम लिहून ठेवला: दगडाचं वजन ग्रीक मापात घ्यायचं, शंभरानं गुणायचं, घनमूळ काढायचं, त्यात त्याचाच दहावा भाग मिळवायचा. घनमूळ! ज्या काळात भागाकार करणंसुद्धा पोटापाण्याचा धंदा होऊ शकला असता, त्या काळात सुतारांनी घनमूळ मागितलं. ग्रीक गणिती एराटोस्थेनिसनं घनमूळ काढायची युक्ती शोधली तेव्हा तिच्या उपयोगांत त्यानं कॅटापल्टचा उल्लेख केला, तो उगीच नाही. क्रम लक्षात घ्यावा: आधी दगड उडाला, मग तो हवा तिथे पडेना, मग गणिताची आठवण झाली. घरातला गृहस्थ नेमका उलट्या क्रमानं जातो. पट्टीला पट्टी जोडण्याआधीच तो मुलाला तरफेचे तीन प्रकार सांगतो, टेकू कुठे, भार कुठे, बल कुठे. तिसरा प्रकार येईपर्यंत मूल मोबाइलकडे परतलेलं असतं, आणि त्यात त्या मुलाचा काडीइतकाही दोष नाही.

बांधायचं काय, यावरही आधी विचार हवा. शाळेला चालतं ते आइस्क्रीमच्या काड्यांचं. या काड्या आता स्टेशनरीच्या दुकानात पाकिटात मिळतात, आइस्क्रीम खावं लागत नाही. सात-आठ काड्यांची जुडी रबरबँडनं बांधायची, दोन काड्या एका टोकाला एकत्र बांधून त्यांच्या फटीत ती जुडी सारायची, वरच्या काडीवर प्लास्टिकचा चमचा बांधायचा, झालं. चमच्यात कागदाचा बोळा ठेवून दाबायचं, सोडायचं. ते पहिल्याच फटक्याला चालतं, आणि हाच त्याचा मोठा दोष आहे. पहिल्याच फटक्याला चाललेल्या गोष्टीवर बोलायला काही उरत नाही. दुपारच्या चहापर्यंत चमचा स्वयंपाकघरात परत गेलेला असतो.

हौस भागवायची असेल तर ट्रेबुशेच बांधावं. यात रबर नाही, पीळ नाही; एका बाजूला जड वजन, दुसऱ्या बाजूला लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला गोफण. ज्वारीच्या शेतात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकणाऱ्या राखणदाराची गोफण ज्यानं पाहिली आहे त्याला निम्मं ट्रेबुशे समजलेलंच असतं. मधे खळगा, दोन बाजूंना दोन दोऱ्या. एक दोरी हाताला पक्की, दुसरी ऐन क्षणी सोडून द्यायची. राखणदाराच्या हाताच्या जागी लाकडी दांडा घाला, त्याच्या खांद्यातल्या जोराच्या जागी वरून खाली पडणारं वजन घाला, की पहिला एडवर्ड तयार. घरगुती आवृत्तीला फार काही लागत नाही. दांड्यासाठी तीस सेंटिमीटरची लाकडी पट्टी. तिला एका टोकापासून सहा सेंटिमीटरवर भोक. आस म्हणून सायकलची स्पोक. उभे दोन खांब, खाली पाट, फेव्हिकॉल आणि चार स्क्रू. गोफणीच्या खळग्यासाठी जुन्या जीन्सचा तुकडा. वजनासाठी वाळूनं भरलेला डबा. ही यादी कागदावर निरुपद्रवी दिसते. घरात मात्र पट्टी मुलाच्या कंपासपेटीशेजारून येते, पाट देवघरापुढचा असतो, जीन्स जुनी आहे की नाही यावर दुमत असतं आणि डब्यात त्या क्षणापर्यंत वेलदोडे असतात. चर्चच्या छपरावरचं शिसं काढणारा राजा निदान वेदी सोडत होता.

आकडे घातले की यंत्र जरा मोठं वाटायला लागतं, म्हणून घालू. फेकायच्या वस्तूच्या साधारण शंभरपट वजन खाली पडावं, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. खोडरबराचा पाच ग्रॅमचा तुकडा फेकायचा तर वाळू अर्धा किलो. पट्टीच्या आखूड बाजूला लावलेली ही वाळू फार तर दहा सेंटिमीटर खाली येईल. सगळी शक्ती न सांडता खोडरबरात उतरली, तर जास्तीत जास्त पल्ला म्हणजे वजन जितकं खाली पडलं ती उंची, गुणिले वजनांचं गुणोत्तर, गुणिले दोन. दहा सेंटिमीटर गुणिले शंभर गुणिले दोन: वीस मीटर! निम्मी शक्ती आसाच्या घासण्यात, पट्टीच्या थरथरण्यात आणि बांधणाऱ्याच्या सुतारकामात वाया गेली असं धरलं तरी दहा मीटर उरतात. मुंबई-पुण्याकडच्या ज्या हॉलमध्ये हे यंत्र उभं आहे तो त्याच्या निम्मासुद्धा लांब नसतो. कागदावर हा हिशेब झाल्यावर गृहस्थ खिडकीची काच, टीव्ही आणि सासूबाईंची आरामखुर्ची यांच्याकडे एका वेगळ्याच नजरेनं पाहू लागतो. वेढा कुणी घातला आहे आणि आत कोण आहे, याचा उलगडा इथून पुढे होत नाही.

पण हे दहा मीटर मिळेपर्यंत मधे खिळा आहे. ट्रेबुशेची सगळी अडचण, सगळी अक्कल आणि सगळी करमणूक दांड्याच्या टोकावरच्या या एका खिळ्यात साठलेली आहे. गोफणीची एक दोरी दांड्याला कायमची बांधलेली असते. दुसरीला फास असतो आणि तो या खिळ्यात नुसता अडकवलेला असतो. वजन पडतं, दांडा उसळतो, गोफण मागून वर झेपावते आणि एका क्षणी फास खिळ्यावरून निसटतो. तो क्षण कोणता, हे खिळा किती वाकवला आहे त्यावर ठरतं. खिळा सरळ असेल तर फास लवकर सुटतो आणि खोडरबर थेट छताकडे जातं, कधी कधी तर मागे, जिथे प्रेक्षक उभे असतात. खिळा जास्त वाकला असेल तर फास उशिरा सुटतो आणि खोडरबर पुढच्या फरशीवर आपटतं. मधला कोन पकडीनं वाकवत वाकवत शोधावा लागतो. दरम्यान गोफणीची लांबी अर्धा सेंटिमीटर बदलली तर खिळ्याचा कोन पुन्हा पहिल्यापासून. कोणतंही पुस्तक यात कामाला येत नाही. पुस्तकातला खिळा वेगळा असतो.

या बाबतीत खजील होणाऱ्यांनी स्पॅनिश सेनानी हर्नान कोर्तेसचा आधार घ्यावा. १५२१ मध्ये मेक्सिकोतल्या टेनोच्टिट्लान शहराला त्यानं वेढा घातला असताना बंदुकीची दारू संपत आली. फौजेत एक शिपाई होता, तो आपण इटलीच्या लढायांत असल्याचं आणि असली यंत्रं बांधता येत असल्याचं येता-जाता सांगायचा. अशी माणसं प्रत्येक फौजेत असतात आणि प्रत्येक हाउसिंग सोसायटीतही. त्याला काम दिलं. लाकूड आलं, दोर आले, चुना आणि दगड आले, मोठ्या चौथऱ्यावर यंत्र उभं राहिलं, शहरातले लोक घाबरून पाहू लागले. पहिला दगड सुटला. तो सरळ वर गेला आणि जिथून सुटला होता तिथेच येऊन पडला. खिळ्याचा कोन चुकला, दुसरं काय! पण कोर्तेसची खरी थोरवी पुढे आहे. राजाला पाठवलेल्या पत्रात त्यानं प्रांजळपणे लिहिलं, की यंत्राचं अपयश आम्ही झाकलं. आम्हाला दया आली, सगळ्यांना मारून टाकायची इच्छा नाही, म्हणून थांबलो, असं शत्रूला भासवलं. खोडरबर ट्यूबलाइटच्या पट्टीवर जाऊन बसल्यावर ‘मुद्दामच हळू सोडलं, काच फुटली असती’ असं म्हणणाऱ्या गृहस्थाच्या पाठीशी पाचशे वर्षांची परंपरा आहे. ‘पंखा चालू होता’ हे त्यातलंच धाकटं पोट-कारण. पंखा बंद असेल तर ‘वाळू दमट आहे’ हेही चालतं.

धोक्याचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येत नाही. निम्मी शक्ती वाया गेली तरी हा तुकडा सेकंदाला दहा मीटरच्या वेगानं, म्हणजे गर्दी नसलेल्या रस्त्यावरच्या रिक्षाच्या वेगानं सुटतो. तेव्हा गोटी, सागरगोटा, चिंचोका हे काही गोफणीत घालायचं नाही. खोडरबर किंवा कागदाचा बोळाच. आणि यंत्राच्या पुढे तर नाहीच, पण मागेही उभं राहायचं नाही, बाजूला राहायचं. ३६३ सालच्या ज्युलियन बादशहाच्या इराणवरच्या स्वारीत यंत्राच्या मागे उभा असलेला एक रोमन तंत्रज्ञ असाच गेला. गोफणीत दगड नीट बसवला नव्हता आणि तो उलटा मागे आला. अम्मियानस या इतिहासकारानं ही हकीकत नोंदवून ठेवली ती वाया जाऊ नये. हल्लीच्या काळातही निष्काळजीपणा परवडत नाही. इंग्लंडमधल्या वॉरिक किल्ल्यात २००५ मध्ये अठरा मीटर उंचीचं, बावीस टनांचं ट्रेबुशे प्रेक्षकांसाठी उभं केलं. २०१५ मध्ये त्याच्या पेटत्या गोळ्याच्या खेळानंतर ठिणगी उडून नदीकाठची शाकारलेली नौकाघराची इमारत जळाली. सातशे वर्षांनंतरही या यंत्रानं जाळली ती शेवटी घरची मालमत्ता. शेजाऱ्यांचा प्रश्न याच सदरात येतो. गच्चीवर प्रयोग केला की खोडरबर कोणाच्या तरी वाळत घातलेल्या पापडांवर उतरणार, आणि सोसायटीच्या सूचनाफलकावर ‘गच्चीचा गैरवापर’ या मथळ्याखाली कागद लागणार. ११९१ च्या एकर शहराच्या वेढ्यात फ्रान्सच्या राजा फिलिपच्या यंत्राचं नाव ‘वाईट शेजारी’ असं होतं, आणि आतून त्याला उत्तर देणाऱ्या यंत्राला लोक ‘वाईट नातेवाईक’ म्हणत. शेजारी मोडायचा तो बहुधा या नातेवाइकाच्या माऱ्यानं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांना लोकवस्तीचा चांगलाच अनुभव असणार.

मग तयार संच का आणू नये? मिळतात. लेसरनं कापलेले तुकडे, क्रमांक घातलेले, खिळासुद्धा बरोबर वाकवलेला. दोन तासांत जोडून होतं आणि पहिल्याच वेळी चालतं, म्हणजे पुन्हा चमच्याचीच कथा, फक्त महागात. मोबाइलवर तर त्याहून सोपं: २००९ पासून पक्षी बेचकीत घालून डुकरांवर मारायचा खेळ जगभर चालला आहे, आणि त्यातला परवलय गॅलिलिओलाही पसंत पडला असता. पण त्या बेचकीचं रबर कधी कुजत नाही, तिचा खिळा कधी ढिला होत नाही आणि तिच्यासाठी कोणाचे वेलदोडे ओतून ठेवावे लागत नाहीत. पुण्यात आयुकाच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं आगकाड्या, सायकलची वाल्व्ह ट्यूब, जुन्या पिशव्या, रिकाम्या बाटल्या यांतून खेळणी करून दाखवली, ती काय संच विकत मिळत नव्हते म्हणून? त्यांच्या त्या खेळण्यांकडे पाहिलं की एक गोष्ट डोळ्यांत भरते: वस्तू आधी मोडायची असते, मग जोडायची. संचात मोडायला काही ठेवलेलंच नसतं.

शेवटचा आक्षेप शहाण्यासुरत्यांचा: ही नुसती प्रतिकृती, खरं यंत्र कुठे आणि हे कुठे! त्याचं उत्तर ऱ्होड्स बेटावर मिळतं. इ. स. पू. ३०५ मध्ये मॅसिडोनियाच्या दिमित्रियसनं तिथल्या शहराला वेढा घातला. रोमन स्थपती व्हिट्रुव्हियस सांगतो, की त्याआधी कॅलियस नावाचा एक कल्पक माणूस ऱ्होड्सला आला आणि त्यानं भर सभेत एका तटाची छोटी प्रतिकृती दाखवली. तटावर फिरती यारी, आणि ती यारी खालून येणारा शत्रूचा मनोरा अलगद उचलून आत आणून ठेवत होती. लोक इतके खूश झाले की त्यांनी डायोग्नेटस या जुन्या स्थपतीचं सालाना मानधन काढून कॅलियसला दिलं. मग दिमित्रियसचा खरा मनोरा आला, सव्वाशे फूट उंच. कॅलियसला म्हणाले, उचल. तेव्हा त्यानं कबूल केलं, की लहानात जमतं ते मोठ्यात जमेलच असं नाही. गिरमिटानं बोटभर भोक पडतं म्हणून हातभर पडत नाही. लोक धावत डायोग्नेटसकडे गेले. तो रुसला होता, आधी ऐकेना, पोरीबाळी आणि पुरोहित विनवायला आले तेव्हा कुठे उठला. त्यानं तटाला भोक पाडलं आणि सगळ्या शहराला सांगितलं, की घरातलं पाणी, चिखल, घाण, जे असेल ते रात्रभर यातून बाहेर ओता. सकाळी तो मनोरा चिखलात रुतून बसला. या गोष्टीवरून सगळे कॅलियसला हसतात. मला त्यात प्रतिकृतीची बाजू भक्कम झालेली दिसते. गॅलिलिओनं १६३८ च्या त्याच ग्रंथात कारण दिलं आहे: आकार दुप्पट केला की वजन आठपट होतं, पण लाकडाच्या छेदाची ताकद चौपटच वाढते. म्हणून एडवर्डच्या दांड्याला जडपणाची चिंता असते, तीस सेंटिमीटरच्या पट्टीला मुळीच नसते. कॅलियसची प्रतिकृती चालत होती. बिघडलं ते तिच्याकडून काहीतरी उपयोगाची अपेक्षा केल्यावर.

आणि उपयोगाचंच विचाराल तर दिमित्रियसच्या यंत्रांचा एकच उपयोग निर्विवाद ठरला. वेढा उठवून जाताना त्यानं जे सामान मागे टाकलं ते ऱ्होड्सच्या लोकांनी विकलं, आणि त्या पैशांतून सूर्यदेवाचा तो प्रचंड पुतळा उभा राहिला, असं रोमन लेखक प्लिनीनं लिहिलं आहे. जगातल्या सात आश्चर्यांपैकी एक भंगाराच्या रकमेतून झालं. घरच्या यंत्राला भंगारात तेवढा भाव येत नाही. भंगारवाला पट्टी घेत नाही, पाट देवघरात परत गेलेला असतो, वाळूवर मांजराचा हक्क लागतो आणि डब्याला वेलदोड्यांचा वास उरत नाही म्हणून तो स्वयंपाकघरात कोणी परत घेत नाही. लोखंड म्हणून वजनात घालण्यासारखा राहतो तो एक वाकवलेला खिळा, आणि नेमका तोच द्यायला घरातला गृहस्थ तयार नसतो, कारण पुढच्या वेळी दांडा साठ सेंटिमीटरचा घ्यायचा त्याच्या मनात असतं.